वजन हलवलं की सांगायचं

(रौप्यमहोत्सवी नाटकाच्या आदल्या संध्याकाळी, १ जानेवारीला, रंगमंचपूजनानंतर केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडंफार नीट केलं आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



नारळ फुटला, नटराजाला हार घातला, आता दोन शब्द बोला असं मला सांगितलं आहे. दोन शब्दांत संपेल असं वाटत नाही. पण आठ वाजता रंगीत तालीम सुरू करायची आहे आणि आपल्या दिग्दर्शिकाबाई घड्याळाकडे बघतायत, त्यामुळे फार ताणणार नाही.

माझी ओळख बहुतेकांना 'पहिल्या मजल्यावरचे सुतारकाका' एवढीच आहे. कुणाचा दरवाजा पावसात फुगला, कुणाची खिडकी लागत नाही, की मला हाक येते. मी मूळचा लालबागचा. गिरणीच्या वर्कशॉपमध्ये सुतार होतो. गिरणी बंद पडली, चाळीतली खोली भावांत वाटली गेली, आणि जे पैसे हातात आले त्यात मुंबईत काही बसेना. डोंबिवलीत बसेना, बदलापुरात बसेना, म्हणून गाडीत पुढे पुढे येत नेरळला उतरलो. तुमच्यापैकी अर्ध्या लोकांची हीच गोष्ट आहे. सकाळची कर्जत लोकल आपल्या सगळ्यांचं दुसरं घर आहे.

पण गिरणीत असताना माझं एक दुसरं आयुष्य होतं. संध्याकाळी शिफ्ट सुटली की मी नाटकाचे सेट लावायचो. परळचं दामोदर नाट्यगृह आम्हा कामगारांचं देऊळच होतं. कामगार कल्याणच्या स्पर्धा, राज्य नाट्य स्पर्धा, मंडळांची नाटकं. दिवसभर यंत्रांचा आवाज ऐकलेला माणूस संध्याकाळी तोंडाला रंग लावून उभा राहायचा. मी कधी रंग लावला नाही. मी भिंती उभ्या करायचो.

या सोसायटीत आल्यापासून मी सेटला हात लावला नव्हता. का लावला नव्हता, ते शेवटी सांगतो. ते सांगायचं म्हणूनच आज बोलायला उभा राहिलो आहे.

आधी सेटबद्दल थोडं, कारण गेले दीड महिने तुम्ही सगळे माझ्या ठोकाठोकीला कंटाळला आहात. दुपारी झोपमोड झाली त्यांची जाहीर माफी मागतो. एवढा आवाज कशासाठी केला, ते कळायला हवं.

आपल्या मराठी नाटकाला सेट फार उशिरा मिळाला. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते १८४३ साली. त्यानंतर कितीतरी वर्षं नाटक म्हणजे मागे पडदा आणि पुढे नट. रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा. प्रवेश बदलला की वरून दुसरा पडदा यायचा. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांसारख्या मोठ्या चित्रकारांनी हे पडदे रंगवले. लोक टाळ्या वाजवायचे. पण पडद्यातल्या दारातून कुणी आत येऊ शकत नाही, कारण ते दार रंगवलेलं असतं.

१ जुलै १९३३ ला मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' केलं. त्यात साधी खोली होती, खऱ्या घरासारखी. तीन बाजूंना भिंती आणि चौथी भिंत प्रेक्षकांसाठी उघडी. यालाच आम्ही बॉक्स सेट म्हणतो. आता तुम्हाला त्यात काय विशेष असं वाटेल. पण विचार करा, नट खरं दार उघडून आत आला की त्याची चालही बदलते.

पुढे १९६२ ला अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' आलं. पणशीकर त्यात पाच वेषांत यायचे. कोर्ट आणि इतर जागा झटपट बदलायला त्या नाटकात फिरता रंगमंच होता. एका बाजूला प्रवेश चालू असताना मागच्या बाजूला दुसरा सेट तयार. पब्लिक पणशीकरांसाठी टाळ्या वाजवायचं. आम्ही बॅकस्टेजवाले मनातल्या मनात रंगमंच फिरवणाऱ्यांसाठी वाजवायचो.

आणि आणखी दहा वर्षांनी, १९७२ ला पुण्यात जब्बार पटेलांनी तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' बसवलं. त्यात भिंत म्हणून काय होतं, माहीत आहे? माणसं. एका रांगेत उभी राहिलेली माणसं. ती पाठ फिरवायची, डोलायची, गायची, फुटायची, परत जुळायची. प्लायचा एक तुकडा नाही, एक खिळा नाही. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सुतार म्हणून मला थोडा रागच आला होता. आमचं काम गेलं की काय! पण हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगाला येणार आहे.

आता आपल्या नाटकाकडे येतो. रौप्यमहोत्सवाला नाटक करायचं ठरलं तेव्हा कमिटीत तीन मीटिंगा झाल्या. कुणी म्हणालं विनोदी करा, कुणी म्हणालं ऑर्केस्ट्रा आणा. मग आपल्या दिग्दर्शिकाबाई, म्हणजे बी विंगची आपली लेकच ती, उभी राहून म्हणाली, "आपण रोज हुतात्मा चौकातून स्टेशनला जातो. ते हुतात्मे कोण, हे आपल्या मुलांना विचारा." सगळे गप्प झाले. मीही झालो. कारण मलाही धड सांगता आलं नसतं.

म्हणून नाटक भाई कोतवालांवर. माथेरानला जन्मलेला गरीब घरचा मुलगा वकील होतो, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष होतो, टंचाईत शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारं काढतो. १९४२ च्या आंदोलनात भूमिगत होऊन आझाद दस्ता उभा करतो. हा दस्ता मुंबईकडे वीज नेणारे पोलादी मनोरे पाडायचा, म्हणजे गिरण्या आणि गाड्या बंद पडाव्यात. आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील दोघांना वीरमरण येतं. उद्या २ जानेवारी आहे. तारीख मुद्दाम धरली आहे.

ज्या गिरण्यांची वीज तोडायला ते मनोरे पाडले, तशाच एका गिरणीत मी पुढे आयुष्य काढलं. आणि आता ज्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो, तिथले ते होते. हे जुळल्यावर मला नाही म्हणता आलं नाही. मी सेट करायला हो म्हटलं.

सेट कसा केला ते थोडक्यात. आपल्याकडे नाट्यगृह नाही. आपल्याकडे आहे ते पार्किंग. वीस गाड्या पंधरा दिवस बाहेर लावायला लागल्या, त्यावरून काय काय झालं ते इतिवृत्तात आहे, मी बोलत नाही. तिथे चोवीस बाय अठरा फुटांचा मंच उभा केला. त्यावर दोन लेव्हल, एक फुटाची आणि दोन फुटांची. मंच सपाट असला की मागचा माणूस पुढच्याच्या आड जातो. नट पायरीवर चढला की न बोलता मोठा दिसतो.

भिंतींसाठी बारा फ्लॅट केले, आठ फूट उंच, चार फूट रुंद. लाकडाची चौकट, त्यावर मांजरपाट ताणून बसवलेला. कापड ताणायचंही एक तंत्र आहे. आधी मधोमध खिळे, मग कोपऱ्यांकडे. कोपऱ्यातून सुरुवात केली की मध्ये सुरकुती येते आणि दिव्यात ती सुरकुती भिंतीला तडा गेल्यासारखी दिसते. मग सरस आणि खडूची भुकटी शिजवून त्याचा हात द्यायचा, म्हणजे कापड चामड्यासारखं ताठ होतं. तो वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला, त्याबद्दलही माफी. एका बाजूला चुन्याची भिंत, माथेरानच्या घराची. फ्लॅट उलटा केला की मागे सिद्धगडचा कातळ. कातळ कसा केला ते या मुलांना विचारा. रद्दी, गोणपाट आणि खळ. चौथीतल्या मुलांनी केलेला डोंगर आहे तो, आणि खऱ्यापेक्षा बरा दिसतो, कारण त्यांनी तो घाबरत घाबरत रंगवला नाही.

रंग जवळून बघायचा नसतो. कुणी कुणी येऊन म्हणत होतं, काका, हे फारच भडक झालंय, डाग दिसतायत. मी त्यांना गेटपाशी नेलं आणि वळून बघायला सांगितलं. तिथून डाग गायब, दगड दिसतो. सेट नेहमी शेवटच्या खुर्चीसाठी रंगवायचा, आणि पहिल्या रांगेतल्या अगदी कडेच्या खुर्चीवर बसून तपासायचा. त्या खुर्चीवरून विंगेत चहा पिणारा नट दिसत असेल तर विंग सरकवायची. कडेला बसणाऱ्यानेही तेवढीच वर्गणी दिली आहे ना?

पडद्यांचं सगळं श्रेय आपल्या महिला मंडळाचं. एकवीस मीटर कापड, चार शिलाई मशिनी. ज्या दोन घरांत गळतीवरून तीन वर्षं बोलणं बंद होतं, त्या दोन घरच्या वहिनी एकाच पडद्याची दोन टोकं धरून शिवत होत्या. पहिले दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पडदा वाकडा गेला, मग बोलावंच लागलं. गळती अजून आहे, पण निदान प्लंबर एकच बोलावला आहे.

इथली खरी अडचण म्हणजे वारा. नाट्यगृहात वारा नसतो. इथे संध्याकाळी माथेरानच्या डोंगरावरून खाली वारा सुटतो, तो सगळ्यांना माहीत आहे. आठ बाय चारचा कापडी फ्लॅट म्हणजे बत्तीस चौरस फुटांचं शीड. त्याला मागून नुसता टेकू लावून भागत नाही. टेकूच्या पायावर वजन लागतं. नाट्यगृहात त्यासाठी लोखंडी वजनं असतात, आपण रेतीची पोती भरली. एका टेकूला दोन पोती. बारा फ्लॅट, चोवीस टेकू, अठ्ठेचाळीस पोती. ही पोती मुलांनी भरली आणि वॉचमन दादांनी वाहिली.

आता जे सांगायचं राहिलं होतं ते सांगतो.

आमची बाई पहिल्या दिवसापासून म्हणत होती, काका, मला पायलन पडताना दाखवायचा आहे. खरा. धाडकन. मी चौदा फुटांचा बांबूचा मनोरा करून दिला. बिजागरी लावून, दोरीवर. तो पाडायची तालीम ठरली, आठ मुलं मंचावर उभी राहिली, तिने "घ्या" म्हटलं, आणि मी दोरी सोडली नाही. सोडवेना. ती म्हणाली, काका, सोडा. मी म्हणालो, होणार नाही. आणि मंचावरून उतरून घरी गेलो. दोन दिवस खाली आलो नाही. तुमच्यातल्या पुष्कळांना वाटलं, म्हातारा रुसला. मानापमान झाला असेल.

तसं नव्हतं. गिरणीच्या दिवसांत एका मंडळाचं स्पर्धेतलं नाटक होतं. माझाच सेट. दुसऱ्या अंकात एका नटाला उजवीकडून धावत बाहेर जायचं होतं आणि दाराच्या टेकूचं वजन त्याच्या वाटेत येत होतं. तालमीत तो दोनदा अडखळला. मी म्हटलं, थांब, आणि वजन उचलून बाजूला ठेवलं. नंतर टेकू जरा आत सरकवून परत ठेवू असं मनात होतं. एवढ्यात पहिली घंटा झाली. कुणीतरी चहा आणला. कुणाची तरी टोपी सापडत नव्हती, ती शोधायला गेलो. तिसरी घंटा झाली. वजन तिथेच बाजूला राहिलं.

दुसऱ्या अंकात माझ्या मित्राने दार जोरात आपटलं. ते आपटायचंच होतं. अख्खी भिंत दारासकट त्याच्या खांद्यावर आली. प्रेक्षकांना वाटलं, नाटकातच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तो गडी तसाच उठला, एका हाताने भिंत बाजूला केली आणि अंक पुरा केला. मग आम्ही त्याला इस्पितळात नेलं. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण उजवा हात खांद्याच्या वर पुढे कधी गेला नाही. तो फिटर होता. फिटरला हात वर करावा लागतो.

सगळे म्हणाले, मंचाची फळीच वाकडी होती. मीही म्हटलं, हो, फळी वाकडी होती. इतकी वर्षं मी हेच म्हणत आलो. त्यालाही हेच सांगितलं. तो मला कधी काही बोलला नाही. तो आता नाही. मी त्याच्या दिवसांना गेलो, तिथेही फळीची गोष्ट निघाली, आणि तिथेही मी मान हलवली.

फळी सरळ होती. वजन मी हलवलं होतं. आज पहिल्यांदा चार लोकांत बोलतो आहे. चारशे लोकांत.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी घरी आली. तिला मी हे सगळं सांगितलं. माझ्या बायकोलाही ते तेव्हाच कळलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या काका, जुनं झालं. ती तसं म्हणाली नाही. चहा संपवून म्हणाली, "मग आता आपण काय करायचं ते तुम्हीच सांगा. पण खाली येऊन सांगा."

म्हणून उद्या तुम्हाला पायलन पडताना दिसणार नाही, हे आधीच सांगतो. 'घाशीराम' आठवा. चार मुलं चार बांबू घेऊन उभी राहतील, बांबूंची टोकं वर जुळलेली, बाकीची मुलं हात आडवे धरून त्यांना जोडतील. तो आपला मनोरा. मग करवतीचा आवाज, एकेक हात सुटत जाईल, एकेक मुलगा गुडघ्यावर बसेल, आणि शेवटी सगळा अंधार. काल रात्री तालमीत ते पहिल्यांदा नीट जमलं. मंचावर काहीच पडलं नाही, तरी खुर्च्या मांडणारी माणसं हातातली खुर्ची तशीच धरून उभी राहिली. माझ्या चौदा फुटांच्या मनोऱ्यापेक्षा ते चांगलं आहे, हे मला कबूल करावं लागतं. बांबू वाया गेले नाहीत, मांडवाला लागले.

आणि बॅकस्टेजला आपण एक नियम केला आहे. तो मोठ्या अक्षरांत दोन्ही विंगांत लावला आहे: वजन हलवलं की सांगायचं. हलवायचं नाही असं नाही. कधी कधी हलवावंच लागतं. नट अडखळतो, वाट लागते. पण हलवलंत की त्या क्षणी मोठ्याने सांगायचं, "तीन नंबरचं वजन काढलंय." आणि दुसऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "ऐकलं." तिसरी घंटा द्यायच्या आधी एक मुलगी वही घेऊन अठ्ठेचाळीस पोती मोजते. अठ्ठेचाळीस झाली तरच घंटा. मंत्री येऊन बसले असले तरी नाही. ती मुलगी सहावीत आहे आणि कुणाचं ऐकत नाही, म्हणूनच तिला हे काम दिलं आहे.

काही जण म्हणाले, हा नियम सोसायटीच्या कारभारालाही लावा. ते तुमचं तुम्ही बघा. मी सुतार आहे.

आता उद्याचं. नाटक सातला सुरू होईल, साडेसातला नाही. गाड्या दुपारी चारच्या आत बाहेर काढा. कंपाउंडच्या भिंतीवर कुणी बसू नका. दिव्यांची लाइन वेगळी घेतली आहे, त्या बोर्डावर मोबाइल चार्ज करायला लावू नका. दिवा तापतो, आणि आपल्या भिंती कापडाच्या आहेत. विंगेच्या मागे रेतीच्या दोन बादल्या ठेवल्या आहेत, त्या कचऱ्यासाठी नाहीत. रात्री दव पडतं, ज्येष्ठांनी शाल आणि कानटोपी आणावी. सकाळी फ्लॅट दवाने सैल पडतात, म्हणून उद्या उन्हं वर आली की दहा जणांनी यावं, फ्लॅट उन्हात धरायचे आहेत. कल्याण-बदलापूरहून पाहुणे येणार आहेत, त्यांना परतीच्या गाडीची वेळ आधी सांगून ठेवा. शेवटचा प्रवेश अर्धवट टाकून कुणी उठू नये एवढंच.

आणि शेवटी, नाटक संपल्यावर पंधरा मिनिटं थांबा. सेट लावायला सगळे येतात, काढायला कुणी नसतं. हा अनुभव सगळ्या मंडळांचा आहे. टाळ्या वाजवून झाल्या की दोघादोघांनी एकेक फ्लॅट धरा. आधी टेकू सोडायचा, मग फ्लॅट आडवा करायचा, आणि वजन सगळ्यात शेवटी.

वजन काढताना मोठ्याने सांगा. मी मागेच उभा असेन. मी "ऐकलं" म्हणेन.

चला, आठ वाजले.